अडीचचा कपॅसिटर आणि राजापेठेतली एक दुपार

आमच्या वऱ्हाडात घरचा एसी थंड करीनासा झाला, की माणूस मेकॅनिकला फोन करायच्या आधी एसीवर पाणी ओततो. कुणी बादलीनं, कुणी बागेच्या पाइपनं, आणि एका बहाद्दरानं तर कपाशीवर फवारायचा पंप पाठीला लावून. यात त्यांचा दोष नाही. आमची सगळी अक्कल कूलरवर पोसलेली आहे. एप्रिल लागला की घराघरात कूलर खाली उतरतो, त्याचं जुनं गवत निघतं, नवं बसतं, आणि ते ओलं झालं की घर गार होतं. मग एसी ओला केला तर तो आणखी गार का होऊ नये, असा सरळ हिशेब.

शेंदूरजनाघाटचे एक संत्र्याचे व्यापारी होते. त्यांनी एसीच्या बाहेरच्या भागाला तिन्ही बाजूंनी वाळ्याच्या ताट्या बांधल्या आणि त्यांवर बागेतली ठिबकची नळी सोडली. मला कौतुकानं गच्चीवर घेऊन गेले. म्हणाले, "गजूभाऊ, पाहा, म्या एसीलेच कूलर लावून देल्ला!" आत एसी गुदमरून मरायला टेकला होता. मी ताट्या सोडल्या, तर मालक माझ्यावरच रुसले. खोली गार झाल्यावरही म्हणत होते, ताट्या असत्या तर अजून गार झाली असती.

तीस वर्षांहून जास्त काळ मी हे काम केलं. आधी अकोल्याला रऊफ उस्तादांच्या दुकानात, नंतर अमरावतीत स्वतःचं. आता शिडी चढायची म्हटली की गुडघेच हात टेकतात, म्हणून दुकानात बसून सल्ले देतो. माझ्या हातून हजारो एसी गेले असतील, पण लिहायचं म्हटलं तर मला एकच आठवतो. त्यात मी जिंकलो. आणि ज्याच्याशी लढलो तोही मीच होतो.

गोष्ट कळावी म्हणून थोडं यंत्र समजून घ्या, जास्त नाही. एसीचे दोन भाग असतात. एक खोलीतला, गोरागोमटा, सगळे त्याच्याकडेच बघतात. दुसरा गच्चीवर उन्हात बसलेला, त्याला आम्ही आउटडोअर म्हणतो. खोलीतली उष्णता बाहेर नेऊन फेकायचं खरं काम याचं. त्याच्या पोटात कॉम्प्रेसर असतो आणि उष्णता उडवून लावायला एक पंखा. पंख्यानं उष्णता उडवली नाही तर कॉम्प्रेसर तापतो, आणि फार तापला की जीव वाचवायला आपणहून बंद पडतो. मग खोलीत वारा येत राहतो, पण गरम.

या पंख्याच्या मोटरला घरच्या विजेवर एकटीनं फिरता येत नाही. नुसती गुणगुणत बसते. तिला एक सोबती लागतो, तो म्हणजे कपॅसिटर. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा डबा आणि दोन वायरी. तो मोटरला सुरुवातीचा धक्का देतो आणि ती फिरत असेपर्यंत जोर पुरवत राहतो. कूलरवाले त्याला कंडेन्सर म्हणतात. एसीत कंडेन्सर नावाची वस्तू वेगळीच असते, म्हणून मी आपला कपॅसिटर म्हणतो. त्याच्या अंगावर एक आकडा छापलेला असतो, ती त्याची ताकद समजा. कूलरला आणि छताच्या पंख्याला बहुतेक अडीचचा लागतो. एसीच्या बाहेरच्या पंख्याला कुठे तीनचा, कुठे चारचा, कुठे पाचचा. अडीचचा वऱ्हाडातल्या प्रत्येक घरी ड्रॉवरमध्ये सापडतो, सुईदोऱ्याच्या डबीशेजारी.

कपॅसिटर पुरता गेला की ओळखायला सोपं असतं. मोटर गुणगुणते, पातं हलत नाही. जाळीतून काडी घालून पातं ढकललं की फिरायला लागतं. हे काडीचं औषध आमच्याकडे लहानथोर सगळ्यांना येतं. तुम्ही करू नका. पातं एकदा फिरलं की त्याला काडी आणि बोट यांतला फरक कळत नाही. आणखी एक. वीज बंद केली तरी कपॅसिटर आपल्या पोटात करंट धरून ठेवतो. अकोल्यात उमेदवारीच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी बटन बंद करून बिनधास्त त्याला हात लावला आणि शिडीवरून उडून खाटेवर वाळत घातलेल्या कुरडयांवर पडलो. उस्ताद धावत आले. आधी कुरडया पाहिल्या, मग मला. म्हणाले, "पहले बाई से माफी मांग. हड्डी बाद में देखेंगे." तेव्हापासून कपॅसिटर आधी रिकामा करतो, मगच हात लावतो.

उस्तादांचं आणखी एक वाक्य होतं. "पंखा घूम रहा है, ये मत देख. कैसे घूम रहा है, ये देख." मी मान डोलावली होती. मान डोलावणं आणि समजणं यांत किती अंतर असतं, ते पुढं कळलं.

आता कुंदा मॅडमची गोष्ट.

राजापेठेत शिकवण्यांचे फलक मोजायला बसलात तर संध्याकाळ होईल. त्या गर्दीत एका गल्लीत, वरच्या मजल्यावर, कुंदा मॅडमची गणिताची शिकवणी आहे. फलक नाही. तरी दरवर्षी जागा भरलेली. मॅडम पलंगावर असतात. नऊ वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडल्या, पाठीचा कणा दुखावला आणि छातीच्या खालचं शरीर गेलं. मुलं पलंगाभोवती अर्धगोल बसतात, एक जण फळ्याशी उभा राहतो आणि मॅडम तोंडानं गणित सांगतात. त्यांच्याकडे दिवसरात्र राहणाऱ्या सुलभाबाई आहेत, चांदूर रेल्वेकडच्या. आवाज असा की गल्लीतल्या रिक्षानं वाट द्यावी.

एसी मॅडमची चैन नव्हती. अशा दुखण्यात शरीराला खालच्या भागात घामच येत नाही. तुम्हाआम्हाला ऊन लागलं तर घाम येऊन अंग निवतं. मॅडमचं अंग खोलीबरोबर तापायचं. मे महिन्यात खोली तापली की त्यांना ताप चढायचा, आणि हा ताप गोळीनं उतरत नाही, गारव्यानंच उतरतो. माझ्या वहीत कितीतरी गिऱ्हाइकं होती, पण त्यांच्या नावापुढे मी चांदणी काढून ठेवली होती.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात सुलभाबाईंचा फोन आला. "गजूभाऊ, मॅडमचा एसी दुपारी बंद पडून राहिला. वारा येते, पण गरमागरम. संध्याकाळी आपोआप सुधरते."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी आठला हजर. एसी चालू केला, दहा मिनिटांत खोली गार. गच्चीवर गेलो, पंखा फिरतोय, कॉम्प्रेसर चालतोय. आउटडोअरची जाळी धुतली आणि खाली येऊन म्हणालो, "मशीन ठणठणीत हाय. जाळीत कचरा होता, बस." दोन दिवसांनी पुन्हा फोन. या वेळी संध्याकाळी साडेसहाला गेलो. पुन्हा सगळं झकास. मी व्होल्टेजवर ढकललं. दुपारी गल्लीत सगळ्यांचे एसी चालतात, वीज कमी पडत असेल, असं सांगून मोकळा झालो.

त्यानंतर तिसऱ्या दुपारी मॅडमचा ताप एकशेतीनवर गेला. सुलभाबाईंनी शेजाऱ्यांना हाका मारून त्यांना दवाखान्यात नेलं. एक दिवस तिथे काढून मॅडम घरी आल्या, आणि त्यांच्या मागोमाग पुण्याहून त्यांचे भाऊ शरदराव आले.

शरदराव इथलेच, पण वीस वर्षं पुण्यात राहून त्यांची भाषा इस्त्रीची झालेली. त्यांनी आल्या आल्या दुसरा मेकॅनिक बोलावला. तोही सकाळी नऊला आला, त्यालाही मशीन चालूच सापडली. त्यानं कॉम्प्रेसर म्हातारा झालाय, एसीच बदला, असं सांगितलं. शरदरावांनी एसी नाही, बहिणीलाच हलवायचं ठरवलं. रविवारी पहाटे पाच वाजता पुण्याला न्यायला रुग्णवाहिका सांगितली.

शुक्रवारी मॅडमनी मला बोलावून घेतलं. मी गेलो तेव्हा सुलभाबाई कपडे पिशव्यांत भरत होत्या आणि डोळे पदरानं पुसत होत्या. मॅडमनी इकडचं तिकडचं काही विचारलं नाही.

"गजूभाऊ, मला एकच सांगा. बंद का पडतो?"

"मॅडम, मशीनचं वय झालं आता."

"वय दुपारीच होतं का? सकाळी कमी असतं?"

दहावीत गणितात दोनदा गचकलेला माणूस मी, पण हे गणित मलाही कळलं.

शरदराव म्हणाले, "ताई, प्रश्न एसीचा नाहीच. नवा एसी मी उद्या घेऊन देईन. पण तो बंद पडला आणि सुलभाबाई खाली गेलेल्या असल्या तर? तुला तिथे काय कमी पडणार आहे?"

"पोरं," मॅडम म्हणाल्या. "तुझ्याकडे मला सगळं मिळेल रे. पण तिथे मी तुझी आजारी बहीण असेन. इथे मी मास्तरीण आहे."

शरदराव वाईट माणूस नव्हते. खरं सांगायचं तर मला त्यांचंच पटत होतं. माझी बहीण असती तर मीही तेच केलं असतं. मॅडम म्हणाल्या, "शरद, उद्याची दुपार मला दे. कारण सापडलं आणि पाच वाजता ही खोली गार असली, तर मी इथे राहीन. नाही सापडलं तर एक शब्द न बोलता तुझ्या गाडीत बसेन."

भावानं मान्य केलं. पण अट घातली, की दुपारी अंगाचा ताप शंभराच्या वर एक काडी जरी गेला, तरी थेट दवाखाना आणि तिथूनच पुणे.

परतताना माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. हा एसी दुपारी बंद पडतो, आणि दुपारी त्याला बघितलंय कोणी? मी सकाळी गेलो, संध्याकाळी गेलो. दुसरा मेकॅनिक सकाळी गेला. आमच्या धंद्यात मे महिन्यात बारा ते चार कुणी गच्चीवर चढत नाही. हा अमरावती-अकोल्याचा अलिखित नियम आहे. लोखंडी स्टँडला हात लावला तर कातडी चिकटते. म्हणून सगळे मेकॅनिक उन्हं उतरल्यावर येतात, आणि उन्हं उतरली की मशीन बरी झालेली असते. आमच्या या सोयीच्या वेळांमुळे कितीतरी चांगले कॉम्प्रेसर भंगारात गेले असतील, या विचारानं मला त्या दिवशी घरी जेवण गेलं नाही.

शनिवारी पाऊण वाजता निघालो. बायकोनं डोक्याला ओला दुपट्टा बांधून दिला, खिशात कांदा घातला आणि म्हणाली, "तुमाले काय याड लागलं का? या उन्हात कुत्रं बी सावली सोडत नाई." मी पिशवी खांद्याला लावली. तिला काय सांगणार?

गच्चीवर पाय ठेवला आणि चपलेचा तळ मऊ पडल्यासारखा वाटला. आउटडोअर चालू होतं. पंखा फिरत होता. कॉम्प्रेसरच्या वायरीला करंट मोजायचं चिमट्याचं मीटर लावलं आणि पाण्याच्या टाकीच्या हातभर सावलीत अंग चोरून बसलो. करंट आधी नीट होता, मग हळूहळू चढायला लागला. सवा वाजता काटा एक घर वर, दीड वाजता आणखी. पंखा आपला फिरतोच आहे. पावणेदोनला आतून 'टक्' आवाज आला, मीटर शून्यावर आलं आणि कॉम्प्रेसर गप्प झाला. पंखा मात्र फिरत राहिला, जसं काही झालंच नाही.

चोर माझ्यासमोर चोरी करून गेला होता आणि मला दिसला नव्हता.

तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून गरम हवेचा झोत माझ्या तोंडावर आला. शेजाऱ्यांचा एसी, चांगला सहासात हात लांब. आणि मॅडमच्या आउटडोअरसमोर मी दोन हातांवर बसलेलो, तरी तोंडाला काही लागत नव्हतं. मी उठलो, पंख्यासमोर तळहात धरला. हवा येत होती, पण जोर नव्हता. दुखणाईत माणूस फुंकर घालतो तशी. उस्ताद कानाशी बोलल्यासारखं झालं. कैसे घूम रहा है, ये देख. पंखा फिरत होता आणि मी, दुसरा मेकॅनिक, सुलभाबाई, सगळे त्या फिरण्यावरच समाधानी होतो.

मी ओरडून खालून मेन बंद करायला सांगितलं. पेचकसानं पत्रा उघडला. कपॅसिटर आधी रिकामा केला, मग बाहेर काढला. चारचा हवा होता. होता अडीचचा. कूलरचा.

मनात पहिली शिवी आली ती ज्यानं हा बसवला त्याला. कुठल्या अर्धवट कूलरवाल्यानं मॅडमच्या मशीनला हात लावला? मी तो उलटा केला. नवा कपॅसिटर बसवला की त्याच्यावर मार्करनं महिना आणि आपलं अक्षर लिहायची माझी सवय आहे. मागच्या बाजूला माझ्याच हातानं लिहिलेलं होतं: मार्च, ग.

मी दुपट्ट्यानं डबा पुसून ते पुन्हा वाचलं.

मग सगळं आठवलं. मार्चमधला रविवार. भाच्याच्या साखरपुड्याला चांदूर रेल्वेला निघालो होतो, गाडीला अर्धा तास होता. सुलभाबाईंचा फोन आला, बाहेरचा पंखा फिरत नाही. वाटेवरच घर, म्हणून शिरलो. कपॅसिटर फुगलेला. पिशवीत चारचा नव्हता. कूलरचा हंगाम तोंडावर, म्हणून अडीचचे डझनभर. एक बसवला. पंखा फिरला. 'दोन दिवसांनी येऊन बरोबरचा टाकतो,' असं म्हणालो आणि स्टेशनकडे पळालो. साखरपुडा झाला, मग हंगाम सुरू झाला, आणि ते दोन दिवस काही आलेच नाहीत. सगळ्या गावाच्या कूलरबुद्धीला हसणारा मी, आणि एसीत कूलरचा जीव घालणाराही मीच.

आता खरं सांगतो. गच्चीवर मी एकटा होतो. तो डबा खिशात टाकायचा, चारचा बसवायचा आणि खाली जाऊन सांगायचं, 'कपॅसिटर कमजोर झाला होता, बदलला.' खोटंही नव्हतं. शाबासकी मिळाली असती. आणि खरं सांगितलं तर शरदराव म्हणणार, ज्या गावात मेकॅनिक असे, तिथे बहिणीला कसं ठेवू? म्हणजे माझ्या खरेपणाची किंमत मॅडमनी भरायची. मी तो डबा दोनदा खिशात घातला आणि दोनदा बाहेर काढला. मॅडमनी विचारलं होतं, का बंद पडतो. अर्धं कारण सांगितलं असतं तर ते त्यांना ओळखू आलं असतं, याची मला खात्री होती.

पिशवीतून चारचा काढला, मीटरवर तपासला, बसवला. पातं हातानं फिरवून पाहिलं, मोकळं होतं. पत्रा लावला. पण कॉम्प्रेसर तापलेला होता, निवल्याशिवाय सुरू होणार नव्हता. अर्धा-पाऊण तास थांबणं भाग होतं. मी जुना डबा हातात घेऊन खाली आलो.

खोली भट्टी झालेली. सुलभाबाई मॅडमच्या हातांवर बाटलीनं पाणी फवारत होत्या, कपाळावर ओली पट्टी होती. शरदराव हातात थर्मामीटर घेऊन उभे. "नव्व्याण्णव पॉइंट चार," ते मला न बघता म्हणाले.

"कारण सापडलं," मी म्हणालो. "पंख्याचा कपॅसिटर चारचा पाह्यजे होता, अडीचचा होता. आणि तो म्याच लावला होता, मार्चमध्ये. गाडी पकडाची घाई होती. बदलाले येतो म्हटलं आन् विसरलो. मॅडम, तुमाले दवाखान्यात मशीननं नाई पाठोलं. म्या पाठोलं."

शरदरावांचा चेहरा लाल झाला. इस्त्री एका क्षणात उतरली. "म्हंजे तुमच्यामुळे? मायी बहीण मरता मरता वाचली ते तुमच्यामुळे? आन् तुमी इथं येऊन मशीन ठणठणीत हाय म्हणून सांगत होते?"

"हाव," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"शरद, थांब," मॅडमचा आवाज पडलेला होता, पण वर्गातलाच. "गजूभाऊ, अडीचचा लावून पंखा फिरला कसा?"

"फिरते मॅडम, पण जीव लावून फिरत नाई. हळू फिरते. जेवढी गर्मी फेकाले पाह्यजे तेवढी फेकत नाई."

"मग सकाळी का चालायचं?"

"सकाळी बाहेरची हवाच थंडी असते. हळू पंखा बी भागवून घेते. दुपारी बाहेर सेहेचाळीस. तवा पुरा जोर लागते, तो त्याच्यात नव्हता. मंग कॉम्प्रेसर तापते आन् बंद पडते. संध्याकाळी निवते, पुन्हा चालू."

मॅडमनी डोळे मिटले. मला वाटलं शुद्ध हरपतेय की काय. पण त्या हसत होत्या. "म्हणजे मार्चमध्ये बरोबर दिसलेलं उत्तर मे महिन्यात चुकलं," त्या म्हणाल्या. "शरद, कारण पुरं मिळालं. सकाळचं, दुपारचं, संध्याकाळचं, सगळं बसतं त्यात. आता पाच वाजेपर्यंत बघायचं."

"ह्या माणसावर भरोसा ठेवून?"

"जो आपली चूक स्वतः घेऊन खाली आला, त्याच्यावर नाही ठेवायचा तर कोणावर?"

शरदरावांनी पुन्हा थर्मामीटर लावला. नव्व्याण्णव पॉइंट सात. सुलभाबाई माझ्याकडे बघून पुटपुटल्या, "गजूभाऊ, आता तुमची मशीन नाई चालली ना, तर मी तुमाले त्याच गच्चीवर बांधून ठेवीन." त्या वेळी मला ते अगदी योग्य वाटलं.

पावणेतीनला मी पुन्हा वर गेलो आणि खाली आवाज दिला, "लावा!" आधी पंखा सुटला. काय सुटला! मार्चपासून दबून राहिलेला आवाज एकदम मोकळा झाला. त्या झोतानं माझ्या डोक्याचा दुपट्टा उडाला आणि टाकीपर्यंत गेला. मागोमाग कॉम्प्रेसर घुमला. मी मीटर लावून बसलो. तीन वाजले. साडेतीन. करंट थोडा चढला आणि एका जागी थांबला. चार वाजले. गच्चीवरची फरशी पांढरी दिसत होती, डोळे जळत होते, पण काटा जागचा हलत नव्हता. मी म्हातारा माणूस त्या काट्याला हात जोडून बसलो होतो, हे कुणी पाहिलं असतं तर माझी उरलीसुरली इज्जत गेली असती.

'टक्' आवाज आला नाही. साडेचारलाही नाही.

पाचाला दहा कमी असताना खाली उतरलो. जिन्यातच दाराखालून गार हवा पायाला लागली. खोलीत शिरलो तर शरदराव सोफ्यावर खांद्यापर्यंत चादर ओढून बसलेले. मॅडमच्या कपाळावर पट्टी नव्हती. मी विचारायच्या आत शरदराव म्हणाले, "अठ्ठ्याण्णव पॉइंट चार." मग उठले, खिडकीशी गेले आणि फोन लावला. पाठ आमच्याकडे होती. मला एवढंच ऐकू आलं, "नाही, उद्याची गाडी नको. पुढची तारीख नाही. नकोच."

माझ्या डोळ्यांना धार लागली. गच्चीवरच्या उन्हामुळे, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण तुम्हाला सांगतो. इतक्या वर्षांत मी माणसांची घरं गार केली होती, पण एखाद्या माणसाला त्याचं घर परत मिळताना पहिल्यांदाच पाहत होतो.

शरदराव खिडकीशीच उभे राहून, मागे न वळता म्हणाले, "गजूभाऊ, पुढच्या मार्चमध्ये मी फोन करीन. आणि दर महिन्याला करीन."

"करा. अन् म्या उचलला नाई तर सुलभाबाईले सांगा, त्या बांधून आणतीन मले."

सुलभाबाई दाराशी उभ्या होत्या. पहाटेच्या प्रवासासाठी भरलेल्या पाच पिशव्या भिंतीला ओळीनं लावलेल्या, गाठी घट्ट मारलेल्या. त्यांना विचारायचा धीर होत नव्हता. त्या नुसत्या पिशव्यांकडे बघत होत्या आणि मॅडमकडे.

मॅडमनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"सुलभा, बघत काय बसलीस? गाठी सोड. सगळ्यात आधी दहावीचं बीजगणित काढ, आणि फळा पूस. सहाला पोरं येतील."